एका उभ्या रेघेची गोष्ट

अकरावीच्या वर्गात इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मला तालुक्याच्या गावातून पुण्यात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. दहावी मराठी माध्यमातून, इंग्रजीत ऐंशीच्या वर मार्क, त्यामुळे भीती अशी काही नव्हती. चौथ्या-पाचव्या ओळीत एक शब्द आला आणि मी तो वाचला : ‘डिटरमाइन’. फाइन, लाइन, माइन, तसा डिटरमाइन. आमच्या शाळेत सगळे तसंच म्हणायचे, शिकवणारे बाईसुद्धा. मागच्या बाकांवरून हसू आलं. सरांनी मान वर न करता ‘डिटर्मिन’ एवढंच म्हटलं आणि ‘पुढे’ म्हणाले.

पुढे मी वाचलं. पण त्यानंतर दोन वर्षं त्या वर्गात आपणहून तोंड उघडलं नाही. उत्तर येत असायचं, आणि ते कसं म्हणायचं या विचारात दुसरं कुणीतरी देऊन मोकळं व्हायचं.

दिवाळीच्या सुट्टीआधी अप्पा बळवंत चौकातून मी एक जुनी, पाठीला चिकटपट्टी लावलेली इंग्रजी डिक्शनरी आणली. पहिला शब्द कोणता पाहिला असेल हे सांगायला नको. शब्दाशेजारी दोन तिरप्या रेघांमध्ये काहीतरी चमत्कारिक लिपी होती, आणि ‘ट’च्या आवाजाआधी, थोडी वर, एक बारीकशी उभी रेघ होती. दहा वर्षं इंग्रजी शिकून ती रेघ कशासाठी असते हे मला ठाऊक नव्हतं. ती रेघ कुठून आली, कुणी मारली, कुणासाठी मारली हे मी पुढे बरीच वर्षं शोधत राहिले. ही त्याची गोष्ट.

पंगत आणि वाढपी

आधी ती रेघ काय सांगते ते पाहू. इंग्रजी शब्द म्हणताना त्याच्या एका तुकड्यावर जोर येतो. तो तुकडा थोडा लांबतो, थोडा उंच होतो, ठळक ऐकू येतो. उभी रेघ त्या तुकड्याच्या आधी असते. यालाच आघात म्हणतात.

आपण मराठी माणसं बोलताना पंगतीतल्या चांगल्या वाढप्यासारखी वागतो. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडतो, पण साधारणपणे प्रत्येक तुकड्याच्या पानात काहीतरी नीट पडतं, आणि एखाद्या तुकड्यावर जास्त जोर दिला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीचा वाढपी एका पानात भरभरून वाढतो आणि बाकीच्यांना चिमूट-चिमूट टाकून पुढे जातो. ‘फोटोग्राफ’ घ्या. इथे जोर ‘फो’वर, म्हणून दुसरा ‘टो’ आक्रसून ‘ट’ होतो : फोटग्राफ. तो काढणारा मात्र ‘फटॉग्रफर’. जोर दुसऱ्या तुकड्यावर सरकला आणि पहिला ‘फो’ पार ‘फ’ होऊन बसला. विशेषण केलं तर जोर आणखी पुढे जातो : फोटग्रॅफिक. एकाच घरातले तीन शब्द, आणि स्पेलिंगवरून यातलं काहीही कळत नाही.

ज्यांना चिमूटभर मिळतं त्या स्वरांसाठी डिक्शनरीत एक खूण असते, उलटा केलेला छोटा ‘ई’. ती पाहून विद्यार्थी घाबरतात. खरं तर तो आवाज आपल्या घरचाच आहे. ‘कमळ’ म्हणताना ‘क’ आणि ‘म’मध्ये जो ‘अ’ येतो, तो त्याच्या अगदी जवळचा. आवाज आपल्याला येत होताच. तो नेमका कुठे वापरायचा, हे तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या ‘डिटरमाइन’चंही तेच. जोर मधल्या ‘टर’वर असतो. तो तिथे ठेवला की शेवटचा तुकडा आपोआप आखडून ‘मिन’ होतो. मी जोर शेवटी नेला, म्हणून ‘माइन’ झालं. सरांनी उत्तर सांगितलं होतं, रीत सांगितली नव्हती.

आघात चुकला आणि मुलगा गेला

शब्दावरचा आघात चुकला तर काय होतं, याची सर्वांत जुनी गोष्ट आपल्याकडेच आहे. तैत्तिरीय संहितेत ती येते आणि पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच तिचा दाखला दिला आहे. त्वष्ट्याच्या मुलाला इंद्राने मारलं. त्वष्ट्याने सूड म्हणून यज्ञ मांडला, की इंद्राला मारणारा जन्माला यावा. मंत्रात ‘इंद्रशत्रू’ असा शब्द होता. उच्च स्वर शेवटच्या भागावर असता तर अर्थ झाला असता ‘इंद्राला मारणारा’. म्हणताना तो पहिल्या भागावर पडला आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याला मारणारा आहे असा’. वृत्र जन्मला, आणि इंद्राच्याच हातून मेला.

वेदांतला स्वर हा मुख्यतः सुराच्या चढउताराचा, तर इंग्रजीतला आघात हा जोर, लांबी आणि सूर यांच्या मिश्रणाचा, हा फरक लक्षात ठेवायला हवा. पण आवाजातल्या अशा बारकाव्यासाठी कागदावर खूण करायची गरज आपल्या लोकांनाही पडली होती. छापील ऋग्वेद उघडून पाहा. अक्षरांखाली आडव्या रेघा दिसतात, त्या अनुदात्ताच्या. अक्षरांच्या डोक्यावर उभ्या रेघा दिसतात, त्या स्वरिताच्या. आणि जो मुख्य, तो उदात्त, त्याला खूणच नाही.

आपली वर्णमालासुद्धा आवाज तोंडात कुठे तयार होतो या क्रमाने लावलेली आहे. ‘क’ घशाकडे, मग टाळू, दात, आणि शेवटी ओठांवर ‘प’. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या विद्वानांनी संस्कृतातले शिक्षा आणि प्रातिशाख्य ग्रंथ अभ्यासले, आणि त्यांच्या ध्वनिशास्त्राला त्यातून मोठा आधार मिळाला. आज जगभर वापरला जाणारा ध्वनिलिपीचा तक्ता ओठांपासून सुरू होऊन घशाकडे जातो. म्हणजे आपलीच वाट, फक्त उलट्या बाजूने चाललेली.

गोंधळ त्यांचाही होता

इंग्रजीत आघाताचा एवढा गोंधळ का? कारण ती दोन घरांची भाषा आहे. जुन्या इंग्रजीत जोर सहसा शब्दाच्या मूळ भागावर, म्हणजे बहुतेकदा सुरुवातीला असे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, दरबाराची भाषा फ्रेंच झाली, आणि पुढच्या काही शतकांत हजारो फ्रेंच शब्द आत आले. त्यांचा जोर शेवटाकडे. मग लॅटिनमधून आलेल्या शब्दांनी आपले नियम आणले. ही सगळी मंडळी अजून एका घरात नांदते आहे.

१५७० साली पीटर लेविन्सने इंग्रजीतला एक यमककोश छापला आणि त्यात आघाताच्या खुणा केल्या. नाम असताना जोर आधी आणि क्रियापद असताना जोर नंतर, अशा जोड्या आज आपण शिकतो. ‘रेकॉर्ड’ म्हणजे नोंद, आणि ‘रिकॉर्ड’ म्हणजे नोंदवणं. लेविन्सच्या कोशात अशा जोड्या फक्त तीन सापडतात. १९३४ सालापर्यंत त्या सुमारे दीडशे झाल्या होत्या. म्हणजे आज व्याकरणाच्या पुस्तकात नियम म्हणून दिसतं, ते चारशे वर्षांत हळूहळू, एकेका शब्दाने झालेलं आहे.

सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या थोर कोशात आघात दाखवला, पण पूर्ण उच्चार देण्याच्या भानगडीत तो पडला नाही. का, याचा किस्सा बॉझवेलने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात आहे. जॉन्सनला दोन बड्या माणसांनी एकाच शब्दाबद्दल सल्ला दिला होता. लॉर्ड चेस्टरफील्ड म्हणाले, ‘ग्रेट’चं यमक ‘स्टेट’शी जुळतं. सर विल्यम यंग यांनी निरोप धाडला, की ते ‘सीट’शी जुळतं, आणि ‘ग्रेट’ असं फक्त आयरिश माणूसच म्हणेल. एक वरिष्ठ सभागृहातला उत्तम वक्ता, दुसरा कनिष्ठ सभागृहातला. आता कोशात लिहायचं काय? आज आपल्याला माहीत आहे की ज्या उच्चाराला आयरिश म्हणून हिणवलं, तोच टिकला.

त्यानंतर उच्चारकोशांची लाटच आली. थॉमस शेरिडनचा कोश १७८० सालचा, जॉन वॉकरचा १७९१ सालचा. दोघेही आधी रंगभूमीवरचे नट, आणि शेरिडन तर स्वतः आयरिश. वॉकरच्या कोशाच्या मुखपृष्ठावरच लिहिलं होतं, की स्कॉटलंड, आयर्लंड आणि लंडन इथल्या रहिवाशांनी आपापल्या खोडी टाळण्यासाठी कोणते नियम पाळावेत तेही यात दिले आहेत. हे वाचलं तेव्हा मी हसले, आणि मग जरा थांबले. खुद्द लंडनच्या माणसाला त्याचं इंग्रजी चुकतं असं सांगणारं पुस्तक खपत होतं. वर चढू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला, कारकुनाला भीती होती, की तोंड उघडलं की आपलं गाव कळेल. ती भीती माझ्या ओळखीची होती.

आणि नियम तरी किती काळ टिकले? ‘बाल्कनी’ या शब्दात पूर्वी जोर मधल्या ‘को’वर असे. एकोणिसाव्या शतकात तो सरकून पहिल्या तुकड्यावर आला. सॅम्युअल रॉजर्स नावाचे एक वृद्ध कवी या नव्या उच्चाराने इतके वैतागले होते, की तो ऐकून आपल्याला मळमळतं असं ते म्हणत. आज रॉजर्सचा शुद्ध उच्चार लंडनमध्ये केला तर लोक वळून बघतील.

पॅरिसचे शिक्षक, लंडनचे प्रोफेसर

आता माझ्या डिक्शनरीतल्या त्या लिपीकडे येऊ. १८८६ साली पॅरिसमध्ये पॉल पासी या शिक्षकाने काही भाषाशिक्षकांना एकत्र आणलं. हा पासी म्हणजे शांततेच्या पहिल्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी फ्रेडरिक पासी यांचा मुलगा. या शिक्षकांचं म्हणणं सरळ होतं. मुलांना परकी भाषा आधी कानाने आणि तोंडाने शिकवा, स्पेलिंगचं ओझं नंतर द्या. त्यासाठी एक आवाज, एक खूण अशी लिपी हवी. संघटनेने आपलं इंग्रजी नावसुद्धा उच्चाराप्रमाणे लिहिलं होतं. १८८८ साली त्यांनी लिपी प्रसिद्ध केली. आज आपण जिला आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी म्हणतो ती हीच, पुढे अनेकदा दुरुस्त झालेली. वॉकरला लोकांच्या खोडी मोडायच्या होत्या. या शिक्षकांना वर्गातल्या मुलाची अडचण सोडवायची होती.

पासीकडे शिकून गेलेला डॅनियल जोन्स हा इंग्रज तरुण गणित आणि कायदा शिकलेला होता. वकिली त्याने केली नाही. १९०७ साली तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवू लागला आणि १९१७ साली त्याचा इंग्रजी उच्चारकोश निघाला. त्यात शब्दांचे उच्चार ध्वनिलिपीत दिले होते. पण उच्चार कुणाचा? जोन्सने ते लपवलं नाही. दक्षिण इंग्लंडातल्या ज्या कुटुंबांतले पुरुष मोठ्या पब्लिक स्कूलांत शिकलेले असत, त्यांचा. तिथे ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सार्वजनिक शाळा नव्हे, महागड्या खासगी निवासी शाळा. जोन्सने या उच्चाराला आधी पब्लिक स्कूलचंच नाव दिलं होतं आणि १९२६ साली ते बदलून ‘रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन’ केलं. कोणता उच्चार चांगला, कोणता वाईट, याचा न्यायाधीश व्हायची आपली इच्छा नाही, असंही त्याने स्पष्ट लिहिलं. पण कोशात जे छापलं जातं ते लोक शुद्धच मानतात. त्याच १९२६ साली बीबीसीने निवेदकांच्या उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली, आणि तिच्यात जोन्सही होता.

त्या समितीत बर्नार्ड शॉही होते. ‘पिग्मॅलियन’ नाटकात फुलं विकणाऱ्या मुलीला बड्या घरचं इंग्रजी शिकवणारा ध्वनिशास्त्राचा प्रोफेसर त्यांनी रंगवला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी हेन्री स्वीट या ध्वनिशास्त्रज्ञाची आठवण काढली आहे. हे नाटक आपल्याला परकं नाही. १९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी त्याची ‘ती फुलराणी’ केली आणि भक्ती बर्वेंनी तिची मंजुळा गाजवली. पुलंनी प्रोफेसर आणला तो मराठीचा. न आणि ण, श आणि स यांवरून माणसाची जात, पेठ, गाव ओळखणारा. म्हणजे ‘डिटरमाइन’ला हसणारी मागची बाकं आपल्याकडे इंग्रजीच्या आधीपासून होती.

टोकियोत जन्मलेली डिक्शनरी

मग ती रेघ माझ्या हातात कशी आली? परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या ज्या डिक्शनऱ्या आपण वापरतो, त्यांच्यातल्या एका नामवंत घराण्याची सुरुवात इंग्लंडात झालीच नाही. १९२०च्या दशकात ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवायला गेला. टोकियोत हॅरोल्ड पामर यांनी इंग्रजी अध्यापनाची एक संशोधन संस्था उभारली होती. पामर आधी लंडनमध्ये जोन्सच्याच विभागात शिकवत होते. हॉर्नबी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी जपानी विद्यार्थ्यांना काय अडतं ते पाहत एक कोश रचला. तेवढ्यात युद्ध पेटलं. १९४२ साली टोकियोत कोश छापून निघाला, आणि त्याच वर्षी शत्रुदेशाचा नागरिक ठरलेला हॉर्नबी मायदेशी परतला. १९४८ साली ऑक्सफर्डने तो कोश पुन्हा छापला. आज लाखो मुलांच्या दप्तरात आणि मोबाइलमध्ये असलेली ऑक्सफर्डची ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ ती हीच.

मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ज्याची मातृभाषा इंग्रजी, त्याला ‘डिटर्मिन’ कसं म्हणायचं हे पुस्तकात पाहावं लागत नाही. ते पाहावं लागतं ओसाकातल्या, कराचीतल्या, करमाळ्यातल्या मुलाला. ज्याच्या घरात, गल्लीत, शाळेत तो आवाज कुणी काढत नाही, त्याला कुणाचंही तोंड न बघता तो कळावा म्हणून ही रेघ तिथे आहे. बड्या शाळांचा उच्चार तिने सोबत आणला हे खरं. पण बड्या शाळेत न जाता तो कळण्याची सोयही तिनेच केली.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही या प्रश्नाचा अभ्यास झाला. हैदराबादला १९५८ साली इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. तिथल्या आर. के. बन्सल यांनी भारतीय माणसांचं इंग्रजी परदेशी श्रोत्यांना कितपत कळतं हे मोजलं, आणि १९६९ साली ते प्रसिद्ध झालं. ब्रिटिश श्रोत्यांना सरासरी सुमारे ७० टक्के कळत होतं. जिथे कळत नव्हतं, तिथे शब्दातला आघात भलत्या जागी पडणं हे एक मोठं कारण होतं. ‘व’ आणि ‘थ’वरून आपली चेष्टा जास्त होते, पण घोटाळा जास्त करतो तो आघात. ऐकणारा शब्दाचा ठळक तुकडा पकडायला बघतो, आणि आपण त्याला दुसराच तुकडा देतो.

म्हणून रेघ शिकायला हवी, असं मला वाटतं. एक गोष्ट मात्र वेगळी ठेवायला हवी. समोरच्याला कळावं म्हणून आघात सांभाळणं निराळं, आणि आघातावरून समोरचा माणूस तोलणं निराळं. वॉकरपासून मागच्या बाकांपर्यंत सगळ्यांनी या दोन गोष्टी एकच धरल्या.

हे मी शहाणपणाने सांगते आहे, पण परवाचंच ऐका. आता मी नोकरी करते आणि कधीकधी मुलाखती घ्यायलाही बसते. ऑनलाइन मुलाखत होती. नांदेडकडचा एक मुलगा आपल्या प्रोजेक्टबद्दल सांगत होता. काम चांगलं होतं, मुद्दे नेमके होते. तो दर वाक्यात ‘डेव्हलप’ म्हणत होता, जोर पहिल्या ‘डे’वर. माइक बंद ठेवलेल्या माझ्या सहकाऱ्याच्या ओठांवर हसू आलेलं मला स्क्रीनवर दिसलं. आणि त्याच्या शेजारच्या चौकटीत मी होते. मीही हसत होते.

मी कॅमेरा बंद केला. दोन मिनिटांनी चालू करून त्याला कामाबद्दल आणखी तीन प्रश्न विचारले, आणि शेरा लिहिताना ‘संवादकौशल्य’ या रकान्यात जे खरं होतं ते लिहिलं : सगळं समजलं. त्याची निवड झाली. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात चहा घेताना मी त्याला फोनवर डिक्शनरीचं ॲप उघडायला सांगितलं. ‘डेव्हलप’ काढ, म्हटलं. ती ‘व्हे’च्या आधीची बारीक उभी रेघ दिसते का?

“दिसते ना मॅडम,” तो म्हणाला. “मला वाटायचं स्क्रीनवर ओरखडा आहे.”